दिवेलागणीपूर्वी परत द्यायची शिवराई

नाशिकमधील आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचा वार्षिक मेळावा दर जानेवारीत एका रविवारी भरतो आणि गेली अठरा वर्षे त्यातील विद्यार्थी सत्राची जबाबदारी माझ्याकडे आहे. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, जमाखर्चाला मंजुरी हे सारे दरवर्षी यथासांग पार पडते. मला लिहायचे आहे ते दुपारच्या ‘माझे एक नाणे’ या कार्यक्रमाविषयी.

त्याचे नियम साधे आहेत. मुलाने एकच नाणे आणायचे, ते विकत घेतलेले नसावे, घरात सापडलेले असावे आणि त्याविषयी पाच मिनिटे बोलायचे; मात्र त्याची किंमत सांगायची नाही. शेवटच्या अटीवर कार्यकारिणीत बराच वाद झाला होता. परंतु ज्या मुलाला पहिल्याच दिवशी नाण्याचा भाव कळतो, ते पुढे नाण्याकडे पाहतच नाही, असा माझा अनुभव आहे, आणि ती अट मी आजवर सोडलेली नाही.

सातवीतील एका मुलीने पणजीच्या बटव्यातला भोकाचा पैसा आणला होता. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाल्यामुळे 1943 पासून मधोमध मोठे भोक असलेला पैसा काढण्यात आला, हे तिने वाचून ठेवले होते. तेव्हाच्या रुपयाचे 64 पैसे होत, हेही तिने फळ्यावर मांडून दाखवले. मग ती म्हणाली, “आजीच्या लहानपणी हा पैसा तिच्या करगोट्यात ओवलेला होता. म्हणून त्याची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा गुळगुळीत आहे.” नाणे हातात घेऊन पाहिल्याशिवाय असे वाक्य सुचत नाही. त्या दिवशी मला पुढच्या वक्त्याचे नाव पुकारता आले नाही.

या मुलांच्या आधी आमचे एक निवृत्त इतिहास शिक्षक जोगलथेंबीची हकिकत सांगतात. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी 1906 साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याची होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वरून आपला ठसा उमटवला होता. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाची चिन्हे असलेले ते छायाचित्र सर हळूहळू रांगेतून फिरवतात आणि मुले नहपानाचे नाक शोधू लागतात. पराभवाचा असा पुरावा आपल्या जिल्ह्याच्या मातीतून निघाला, याचा अभिमान त्यांच्या स्वरात दरवर्षी तितकाच असतो. भाषण मला पाठ आहे, तरी त्या वेळी मी दाराशी उभा राहून ते ऐकतो.

त्यानंतर चिल्लर वाटली जाते. टाकसाळ कशी ओळखायची, हे मुले खिशातल्या नाण्यांवरच शिकतात. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. या छंदाला आरंभी पैसे लागत नाहीत, हे पालकांना पटवण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. जुने नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये आणि ते नेहमी कडेनेच धरावे, हेही तेव्हाच सांगून होते.

एक खंत मात्र नोंदवलीच पाहिजे. मंडळाच्या सदस्ययादीत दीडशेच्या वर नावे आहेत, सकाळच्या विक्रीच्या टेबलांभोवती उभे राहायला जागा नसते आणि जेवणानंतर मुले बोलू लागतात, तेव्हा सभागृहात वीस-पंचवीस ज्येष्ठ सदस्य उरतात. ज्यांच्याकडे मोगल रुपयांचे आख्खे कपाट आहे, त्यांनी एका मुलाच्या एका पैशासाठी तासभर थांबू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जे थांबतात त्यांचा उल्लेख राहून जाऊ नये. दरवर्षी बँकेतून चिल्लर आणून देणारे आमचे कोषाध्यक्ष, भिंगे पुरवणारे सराफ, सभागृहाच्या किल्ल्या पहाटेच आणून देणारे शाळेचे शिपाईमामा, जुनी पुस्तके मांडणाऱ्या ग्रंथपालबाई, सव्वाशे माणसांची खिचडी-कढी करणाऱ्या दोघी वहिनी, नावनोंदणीच्या टेबलावर बसणारी, आता महाविद्यालयात शिकणारी तीच भोकाच्या पैशाची मुलगी, आणि ध्वनिक्षेपक बिघडला तर धावत येणारे शेजारचे दुकानदार. कोणी सुटले असेल तर तो दोष माझ्या स्मरणाचा.

आमच्या कार्यवाहांचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले होते. यंदा निफाडकडच्या एका खेड्यातून पाचवीतला मुलगा देव्हाऱ्यातली शिवराई घेऊन आला. हळदीकुंकवाने तिची अक्षरे बुजली होती, तरी त्याने बोट ठेवून ‘श्री राजा शिव’ वाचले आणि पाठीमागचे ‘छत्रपति’ही वाचले. राज्याभिषेकानंतर सुरू झालेले हे तांब्याचे नाणे इंग्रजी अमदानीतही लोकांच्या व्यवहारात होते, हे त्याला आजोबांनी सांगितले होते. आईने नाणे दिले ते दिवेलागणीपूर्वी परत देव्हाऱ्यात ठेवायचे, या अटीवर. त्याची पाळी आली तेव्हा साडेचार वाजले होते आणि शेवटची सोयीची बस निघून गेली होती. पारितोषिक वितरण अर्धवट सोडून कार्यवाहांनी स्वतःची गाडी काढली. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा दूरध्वनी आला. शिवराई जागेवर होती आणि निरांजन लागायचे होते.