जनरलचा काळा चष्मा

"त्या रविवारी सकाळी टीव्हीवर आमचा लहान मुलांचा कार्यक्रम लागलाच नाही. लष्करी गणवेशातला, गडद चष्म्याचा एक माणूस बोलत होता."

वॉर्सात माझ्या घरमालकीणबाई आज चहा पिता पिता हे सहज बोलून गेल्या. दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

१३ डिसेंबर १९८१. कम्युनिस्ट सरकारचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की यांनी पोलंडमध्ये मार्शल लॉ पुकारला. फोन बंद, रस्त्यावर रणगाडे, सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचे हजारो लोक अटकेत. तीनच दिवसांनी वुयेक कोळसा खाणीत पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ९ खाणकामगार गेले.

"पण तो चष्मा सैबेरियाची देणगी," बाई म्हणाल्या. १९४१ साली सोव्हिएत राजवटीनं यारुझेल्स्की कुटुंबाला तिकडे हद्दपार केलं. वडील तिथेच वारले. बर्फाच्या चकाकीनं मुलाचे डोळे कायमचे अधू झाले. (आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेले पोलिश निर्वासितही अशाच हद्दपारीतून सुटलेले.) आणि त्याच मुलानं पुढे मॉस्कोशी इमान राखलं! हे मला काही केल्या पचत नाही.

"मी मार्शल लॉ लावला नसता तर सोव्हिएत फौजा घुसल्या असत्या," असं यारुझेल्स्की अखेरपर्यंत सांगत राहिले. इतिहासकारांचं अजून एकमत नाही. १९८९ मध्ये त्यांनी विरोधकांशी वाटाघाटी होऊ दिल्या, सत्ता शांततेत हातची सोडली, हेही खरंच. तरी २०१४ साली त्यांच्या अंत्यविधीला लोक निषेधाला उभे राहिले.

मला विचाराल तर त्या ९ जणांचा हिशेब वाटाघाटींनी फिटत नाही. तुम्हाला काय वाटतं?