शाळेच्या गेटपासून सदतीस पावलं

मागच्या महिन्यात आमच्या कामाच्या मावशी सकाळी सकाळी रडवेल्या तोंडाने आल्या. पोराच्या शाळेत तपासणी झाली होती, पोरगं नऊ वर्षांचं, आणि डॉक्टरांनी सांगितलं वजन फार आहे, बाहेरचं खाणं बंद करा, खेळायला पाठवा. "ताई, मी पाचला उठून भाकऱ्या थापून निघते ओ, पण तो भाकरी तशीच ठेवतो आणि दहा रुपये मागतो. मी नसते ना घरी."

ऐकून पोटात कालवलं, कारण दोन वर्षांत मी स्वतः अकरा किलो कमी केलेत आणि तेव्हापासून मीच सगळ्यांना सांगत सुटले होते की मनावर घेतलं की होतं. होतं, खरंच होतं. पण माझ्याकडे सकाळचा एक तास मोकळा होता, घरामागे टेकडी होती, डबा करणारा नवरा होता, फळं-कडधान्यं आणायला पैसे होते. मावशींकडे यातलं काहीच नाही आणि जबाबदारी मात्र दोघींवर सारखीच टाकतो आपण.

परवा त्याला शाळेतून आणायला मीच गेले. गेटसमोर टपरी, दोरीला चिप्सच्या पुड्यांच्या माळा, बरोब्बर पोरांचा हात पोचेल एवढ्या खाली, आणि पुढे पाच-पाच रुपयांची क्रीमची बिस्किटं. मी गेटपासून पावलं मोजली, सदतीस. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे की शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, फॅटवालं काही मुलांना विकायचं नाही! मी आत जाऊन विचारलं तर बाई म्हणाल्या गेटबाहेरचं आमच्या हातात नाही. टपरीवाल्याचा मला राग नाही, चिक्की-फुटाणे खपले तर तो तेही ठेवेल, पण सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, पॅकबंद नमकीन सगळ्यांवरचा जीएसटी कमी होऊन ५ टक्क्यांवर आलाय, मग त्याने महाग चिक्की कुणासाठी ठेवायची?

एक पुडा घेऊन मागचं वाचायला गेले तर चष्मा लावूनही अक्षरं लागेनात. चिलीमध्ये २०१६ पासून असल्या पाकिटांवर समोरच काळा अष्टकोन असतो, 'साखर जास्त', एवढंच, नऊ वर्षांचं पोरही वाचेल. आपल्याकडे एफएसएसएआयने २०२२ च्या मसुद्यात काय सुचवलं, तर स्टार द्यायचे, कमी चांगल्याला कमी स्टार. अहो पण पोरांसाठी स्टार म्हणजे बाईंनी वहीत दिलेली शाबासकी! एक स्टार असला तरी ती शाबासकीच वाटणार ना त्यांना.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जातच नाहीये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कितीतरी वर्षांपूर्वी दाखवलं की इथल्या खेड्यांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचे स्नायू कमी आणि चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणजे आईला नीट खायला मिळालं नाही त्याचा हिशोब पोराच्या अंगात आधीच लिहिलेला असतो. मावशींचं पोर जन्मलं तेव्हा दोन किलोचं होतं, पोटुशी असताना आठव्या महिन्यापर्यंत मावशी लोकांच्या घरच्या फरशा पुसत होत्या, आता या पोराला म्हणायचं का की तुझं वजन ही तुझी जबाबदारी?

मावशींना मी आता उपदेश करत नाही. संध्याकाळी तो आमच्याकडे येतो, माझ्या मुलीबरोबर खाली पकडापकडी खेळतो, घामाघूम होतो आणि मग भाकरीही खातो, पिठलं असेल तर दोन खातो.

एफडीएला, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला, अर्ज लिहिलाय, टपरी हटवा असा नाही, माळा हटवा असा. गेटवर मुलांना आणायला येणाऱ्या तेवीस जणांच्या सह्या झाल्यात, पहिली मावशींची. सोमवारी देऊन येणार आहोत, त्या अर्धा दिवस सुट्टी टाकून माझ्याबरोबर येतायत.