शाळेतून भरलेलीच परत येणारी पाण्याची बाटली

माझा मुलगा चिकू तीन वर्षांचा झाल्यापासून त्याने कधीच अंथरुणात शू केली नव्हती. आमच्यासाठी तो विषय संपलाच होता, दुपटी, उरलेले डायपर, रबरशीट सगळं जावेला देऊन टाकलं होतं. गेल्या जूनमध्ये तो पहिलीत गेला, सहा पूर्ण झालेली, शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील आणि एका रात्री मला पाठीखाली गार लागलं. म्हटलं पाऊस आहे, थंडावा आहे, होतं एखाद्या वेळी. दुसऱ्या रात्री परत. मग आठवड्यातून चार-चार, पाच-पाच वेळा.

आम्ही भांडुपला राहतो, वन रूम किचन, खाली गाद्या घालून सगळे एका रांगेत झोपतो. जूनच्या पावसात कापसाची गादी ओली झाली की ती वाळत नाही म्हणजे नाहीच, पंख्याखाली उभी करून बघितली, चादरीवरून इस्त्री फिरवून बघितली, तरी दुपारपर्यंत घरभर वास. शेवटी गॅलरीच्या कठड्यावर टाकायला लागले. आणि गॅलरी म्हणजे सगळ्या मजल्याची ये-जा. एका शेजारणीने त्याच्यासमोरच म्हटलं, "काय रे, एवढा घोडा झालास आणि अजून?" तो काही बोलला नाही, आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी कपडे लावताना मला वॉशिंग मशीनच्या मागे त्याची ओली चड्डी सापडली, घडी करून ठेवलेली. सहा वर्षांचं पोर अंधारात उठून, एकट्याने कपडे बदलून, ओली चड्डी लपवून परत ओल्यातच येऊन झोपलं होतं. मला अजून ती घडी आठवली की कसंतरी होतं.

कारण त्यात माझाही वाटा होता. त्याच्या दोनच दिवस आधी पहाटे चादरी बदलताना मी त्याला ओरडले होते, पाठीत एक धपाटाही दिला होता, मला ७:४२ ची लोकल गाठायची होती आणि रात्रभर झोप नव्हती. झोपेत होणाऱ्या गोष्टीसाठी मुलाला मारणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी त्याला नंतर सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "मी मुद्दाम नाही करत आई." बस, एवढंच.

उपाय सगळे करून झाले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी काळ्या तिळाचे गूळ घालून लाडू केले, आमच्याकडे पूर्वीपासून हाच उपाय, चिकूने आवडीने खाल्ले, शू थांबली नाही. रात्री बारा वाजता उचलून बाथरूममध्ये नेऊन उभं करायचो, तो अर्धवट झोपेतच करायचा आणि तरी पहाटे ओलंच. मग मी रात्रीचं पाणी बंद केलं. माझी सगळ्यात मोठी चूक ही. पोरगं रात्री जेवताना पाणी मागायचं आणि मी दोन घोट देऊन ग्लास काढून घ्यायचे.

ऑगस्ट लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो, आई पण सोबत होत्या. मला वाटलं गोळी देतील. डॉक्टरांनी आधी विचारलं, शी किती दिवसांनी होते? मला सांगताच आलं नाही. तो आता स्वतःचा स्वतः जातो, मी कशाला बघतेय. चिकूला विचारलं तर तीन-चार दिवसांनी, कडक, दुखते. मग विचारलं शाळा कधी? दुपारची, बारा ते सहा. पाण्याची बाटली घरी कशी येते? मी परत गप्प. आई म्हणाल्या, "भरलेलीच येते, मी रोज मोरीत ओतून टाकते." त्या खोलीत एकदम शांतता झाली. मग चिकू खाली बघत बोलला, शाळेच्या टॉयलेटला घाण वास येतो, कडी लागत नाही, मोठी मुलं दार ढकलतात. म्हणून तो पाणीच प्यायचा नाही. जाऊन यायला दीड तास धरला तर जवळजवळ साडेसात तास शू दाबून ठेवायचा, शी पण दाबायचा, आणि संध्याकाळी घरी आला की घटाघटा पाणी.

रात्रीच्या ओल्या गादीचं कारण दिवसात होतं आणि आम्ही दीड महिना रात्रीच शोधत बसलो होतो.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि लघवीची पिशवी एकमेकांना चिकटून असतात, आत शी साचून कडक झाली की पिशवीवर दाब येतो, तिला पूर्ण भरायला जागाच मिळत नाही. या वयाच्या मुलाच्या पिशवीत मावतं किती, तर वयात एक मिळवून तिसाने गुणायचं, म्हणजे सहा वर्षांच्याला साधारण २१० मिली, एक ग्लासभर. त्यातली जागा दाबली गेली आणि वरून दिवसभराचं पाणी संध्याकाळीच पोटात गेलं तर रात्री काय होणार. काही मुलांची झोप इतकी गाढ असते की पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जाऊनही जाग येत नाही, काहींच्यात रात्री लघवी कमी करणारं हार्मोन उशिरा जमतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांमध्ये साधारण पंधरा जणांना हा त्रास असतो आणि त्यातल्या बहुतेकांचा वाढत्या वयात आपोआप जातो. पण सहा महिन्यांपेक्षा जास्त कोरडं राहिलेल्या मुलाचं परत सुरू झालं तर मात्र बघायलाच हवं असं त्या म्हणाल्या, म्हणून लघवीची तपासणी आणि शुगर दोन्ही केलं, इन्फेक्शन नाही, शुगर नाही. खूप तहान लागणं, वजन उतरणं, शू करताना दुखणं, दिवसाही चड्डी ओली होणं, यातलं काही असेल तर थांबू नका, सरळ दाखवा.

जाता जाता डॉक्टरांनी हेही विचारलं की आई-वडिलांपैकी कोणी लहानपणी करायचं का, कारण हे घराण्यात चालत येतं. नवरा म्हणाला नाही. आई म्हणाल्या, "आठ वर्षांचा होईपर्यंत." त्याला आठवतही नव्हतं. त्या रात्री त्याने चिकूला जवळ घेऊन ते सांगितलं, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, चिकूने तीनदा विचारलं, "खरंच पप्पा? तुम्ही पण?"

मग शी मऊ व्हायचं सिरप काही आठवडे. सकाळी नाश्त्यानंतर दहा मिनिटं कमोडवर बसायचं, घाई नाही. आमचा कमोड आईंच्या गुडघ्यांसाठी बसवलेला, उंच, चिकूचे पाय लोंबकळायचे, त्यामुळे जोर लागत नव्हता, पायाखाली जेवायला बसायचा जुना पाट ठेवला आणि तेवढ्यानेही फरक पडला. पपई, काळ्या मनुका, बिस्किटं कमी. पाणी सकाळपासून थोडं थोडं, झोपायच्या आधी तासभर कमी, पण तहान लागली तर द्यायचंच.

शाळेत मी हाफ डे टाकून गेले. भांडायला नाही गेले, बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी त्याला तासाला मध्येच जायची परवानगी दिली, आणि मावशी दाराशी उभ्या राहतात. कडीचं अजून झालेलं नाही, त्यासाठी आम्ही चार-पाच पालक मागे लागलोय. कारण एकटा चिकूच पाणी पीत नसेल असं मला वाटत नाही, तुमच्या मुलांच्या बाटल्या एकदा उघडून बघा.

गादीसाठी एक युक्ती, खूप झोप वाचते. वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, त्यावर चादर, त्यावर परत प्रोटेक्टर, परत चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खालचं अंथरुण तयार. लाईटसुद्धा लावायला लागत नाही.

गणपतीला गावी जायचं तेव्हा मला धाकधूक होती, दादरहून रात्री बाराची तुतारी एक्स्प्रेस, आणि तिकडे घर भरलेलं, सगळी मुलं माजघरात एकत्र झोपणार. जाऊ नये असंही मनात आलं. पण गेलो, प्रोटेक्टर बॅगेत सगळ्यात वर ठेवून. गाडीत कोरडं, पहिली रात्र कोरडी. दुसऱ्या रात्री मला कोणीतरी हलवलं. अंधारात चिकू उभा, कोरडी चड्डी घातलेला, ओली हातात.

"आई, ओलं झालं. वरची चादर मी काढलीय, ही कुठे टाकू?"