पुट्टीखालचा आकडा

"मॅडम, ही गाडी पळवलेली आहे."

मेस्त्रींनी हे गाडीखालून सांगितलं. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे पाय. माझ्या पोटात गोळा आला. आरसी बुक पर्समध्ये होतं, विकणाऱ्याने सगळ्या कागदांच्या झेरॉक्सही दिल्या होत्या. पण एवढी गोड बोलणारी माणसं उगाच गोड बोलत नाहीत, हे मला व्यवहार झाल्यावर सुचतं. तेवढ्यात मेस्त्री सरपटत बाहेर आले, हात पुसले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "चोरलेली नाही हो. पळवलेली. रेसला."

आता विकणाऱ्यानेही हेच सांगितलं होतं. "रेस जिंकलेली गाडी आहे, ताई." पण जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस काही ना काही सांगतोच. कुणाची गाडी महाराजांची असते, कुणाची एका हाताने वापरलेली असते, कुणाच्या गाडीत नटी बसून गेलेली असते. मी ते पावडरच्या डब्यावरच्या 'मोफत'सारखं ऐकलं आणि सोडून दिलं होतं.

गाडी म्हणजे १९६६ ची फियाट अकराशे डिलाइट. मला रेसशी काही देणंघेणं नव्हतं. मी गाडी शिकले ती फियाटवर. मोटार ट्रेनिंग स्कूलची ती फियाट, स्टिअरिंगला चिकटलेला हाताचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट आणि त्यावर शेजारी बसून दोन्ही पाय जास्तीच्या ब्रेक-क्लचवर ठेवणारे सर. आज माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, पण सिग्नल सुटला की डावा हात अजूनही स्टिअरिंगखाली काहीतरी शोधतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. ती बातमी वाचली आणि त्या हाताला काय झालं कोण जाणे. चार महिन्यांत फियाट दारात. नवरा एवढंच म्हणाला, "अगं, पण ठेवायची कुठे?"

पद्मिनी हे नाव फार नंतरचं, १९७४ चं. त्याआधी ती नुसती फियाट होती, आणि त्याच्याही आधीची, पाठीला नि नाकाला गोल, पुढची दारं उलटी उघडणारी, ती 'डुक्कर फियाट'. हे नाव कुठल्या जाहिरात कंपनीला कधी सुचलं नसतं. दान्ते जाकोसा या इंजिनिअरने तुरीनमध्ये आखलेली, १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडलेली देखणी इटालियन गाडी आपल्याकडे येऊन डुक्कर झाली, आणि तेही प्रेमाने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि पुढची तीसेक वर्षं आपल्याला गाडी म्हणजे मुख्यतः दोनच प्रकार माहीत होते. फियाट आणि अॅम्बॅसेडर. त्यातली फियाट धाकटी. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस-बेचाळीस घोड्यांची. आज एखाद्या बऱ्यापैकी मोटरसायकलला याहून जास्त असते. असली गाडी रेसला?

मेस्त्रींनी एकेक पुरावा दाखवायला सुरुवात केली. डॅशबोर्डवर रेडिओची पट्टी होती, ती काढली तर मागे गोल भोक. "आरपीएम मीटर होतं इथे. घरगुती गाडीला कशाला लागतं?" मागच्या शॉकअपशेजारी पत्र्याला वेल्डिंग केलेले दोन जादा ब्रॅकेट. बोनेटच्या कडेला बुजवलेली दोन भोकं, चामड्याच्या पट्ट्याची, वेगात बोनेट उडू नये म्हणून. मागची सीट तर त्या गाडीची नव्हतीच. मूळ हूक कापलेले, आणि कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची सीट पट्ट्यांनी आवळून बसवलेली.

मग इंजिन खोललं. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढून मेस्त्रींनी ते लेथवाल्याकडे पाठवलं, आणि लेथवाल्याचा निरोप आला की याला आता फेस मारता येणार नाही, आधीच कुणीतरी फार खाल्लंय. हे मला नीट समजावून घ्यावं लागलं. हेडची खालची बाजू थोडी तासली की सिलिंडरच्या वरची पोकळी लहान होते. पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जातात, भडका जोरात उडतो, ताकद वाढते. एक पैसा खर्च न करता चार घोडे जास्त. फक्त त्या काळच्या हलक्या पेट्रोलवर असं इंजिन नॉकिंग करतं, म्हणजे आतून ठोके मारतं, आणि हेड नि ब्लॉक यांच्यामधलं बिचारं पातळ गॅस्केट सगळा दाब सोसत राहतं. "घरात दोन मोठी माणसं भांडतात तेव्हा मधली सून असते ना," मेस्त्री म्हणाले, "ती गॅस्केट."

तरीही मला खात्री पटली ती डेंटरकडे. डावं दार तो घासत होता. वरचा आकाशी रंग गेला, त्याखाली मेंदी आला, त्याखाली तपकिरी. माणसं घर बदलल्यावर पडदे बदलतात तसा प्रत्येक मालकाने आपापला रंग लावलेला. तपकिरीखाली पुट्टी होती, आणि पुट्टी घासता घासता तो थांबला. मूळच्या क्रीम पत्र्यावर ताटाएवढं पांढरं वर्तुळ उमटत होतं. वर्तुळात आधी तीनचा आकडा दिसला, मग त्याच्या अलीकडे चार. ब्रशने, हाताने काढलेले. चाराची उभी रेघ थोडी थरथरलेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आता डोक्यात एकदम इटली. मिल्ले मिलिया नावाची शर्यत १९२७ पासून १९५७ पर्यंत ब्रेश्याहून रोमला जाऊन परत ब्रेश्याला यायची, सोळाशे किलोमीटर, साध्या वाहत्या रस्त्यांवरून. नंतरच्या वर्षांत गाडीचा आकडा म्हणजे तिची सुटायची वेळ असे. १९५५ साली स्टर्लिंग मॉस ज्या मर्सिडीजमधून जिंकला तिच्यावर ७२२ होतं, कारण ती सकाळी सात बावीसला सुटली. लहान गाड्या आदल्या रात्रीच निघत. अख्खी रात्र फियाटी धावत, मग पहाटे मोठ्यांची सुरुवात. आपली ४३ म्हणजे बारा त्रेचाळीस? मध्यरात्रीनंतर? अर्थात ही गाडी कुर्ल्यात जन्मली, ती शर्यत बंद पडल्यावर नऊ वर्षांनी. रात्री दोन वाजता ही आठवण फारशी कामाची नसते.

सकाळी आरसी बुक नीट वाचलं. एमआर सिरीज, म्हणजे साठच्या दशकातली मुंबईची नोंदणी. पहिला मालक एक डॉक्टर, पत्ता दादरचा. पुढे पत्ताबदल, बेळगाव. मग १९७४ साली विक्री. त्यानंतरचे तीन मालक आपापले रंग लावून गेले.

बेळगावला मी एसटीने गेले. गाडी तेव्हा तुकड्यातुकड्यांत होती. पत्त्यावर डॉक्टरांचे चिरंजीव भेटले, स्वतःच सत्तरीचे. मी मोबाइलवर दाराचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग आत हाक मारली, "अगं, बाबांची त्रेचाळीस सापडली!"

पुढचे दोन तास कुंदा, चहा आणि शोलावरम. मद्रासच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, शोलावरमची. विमानं गेल्यावर तिथे मोटारी आल्या. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि शोलावरम हे देशातल्या रेसवाल्यांचं पंढरपूर झालं. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला रीतसर ट्रॅक होईपर्यंत ते तसंच राहिलं. सपाट माळ, वळणांवर रिकामी पिंपं आणि पेंढ्या, आणि त्या पिंपांभोवती घरून आणलेल्या फियाटी, हेराल्ड, अॅम्बॅसेडर. परदेशी गाड्यांना परवाना मिळत नसे आणि स्वदेशी गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. अशा दिवसांत लोक आपली एकुलती एक गाडी पिंपांवर घालायला तेराशे किलोमीटर नेत होते, याचं मला अजून नीट आकलन होत नाही.

"ट्रकवर घालून न्यायचे?" मी विचारलं.

"ट्रक? चालवत! पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगलोर. सोबत कंपाउंडर. तो पंक्चर काढायचा."

मग त्यांनी डॉक्टरांची वही आणली. औषधाच्या कंपनीने दिलेली, पाठीवर टॉनिकची जाहिरात. आत बारीक अक्षरांत हिशेब. कोल्हापूर, पंक्चर. हुबळी, मुक्काम. बंगलोर, डायनॅमोचा पट्टा. पेट्रोल, ऑइल, चहा, परत चहा. आणि मग एक ओळ, जिच्यासाठी मी एसटीत सात तास बसले होते:

'शोलावरम. तिसरा फेरा. गॅस्केट. संपले.'

मी दोनदा वाचली. "काका, म्हणजे जिंकले नाहीत?"

"जिंकायला आधी पुरी व्हायला पाहिजे ना," ते म्हणाले. "दोन वर्षं गेले. पहिल्या वर्षी गॅस्केट, दुसऱ्या वर्षी पिंपावर. ब्रॅकेट बघितले असतील तुम्ही मागचे, ते त्या पिंपानंतरचे. नंतर आई म्हणाली, आता मी तरी किंवा गाडी तरी. बाबांनी बरेच दिवस विचार केला असं आम्ही तिला चिडवायचो."

परतीच्या एसटीत मला खरं तर निराश व्हायला हवं होतं. पण मी खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत होते. लेथवाल्याने मोजलेलं ते खाल्लेलं हेड आणि वहीतला 'गॅस्केट' हा एक शब्द साठ वर्षांच्या अंतरावरून एकमेकांना भेटले होते. जिंकलेल्या गाडीचा कप कुठेतरी कपाटात असतो. हरलेल्या गाडीचा पुरावा गाडीतच राहतो.

खरी पंचाईत पुढे झाली. गाडी पूर्ववत करायची म्हणजे नक्की कुठल्या दिवसापर्यंत मागे न्यायची? सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, दहा वर्षांची मुदत, नव्या नोंदणीला वीस हजार, नंतरच्या नूतनीकरणाला पाच हजार, आणि गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. त्यात अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मूळचंच पाहिजे, फार फेरफार केलेला नको. आता डॉक्टरांनी तासलेलं हेड हा फेरफार की मूळ? आकडा हा डाग की इतिहास? नवऱ्याचं मत होतं की कुर्ल्याहून निघाली तशी चकचकीत करावी. गाड्यांच्या संग्राहकांपैकी एक गृहस्थ तर म्हणाले, "नंबर बिंबर घालवा, शोमध्ये मार्क जातात." मला अशा माणसांची थोडी भीती वाटते. ते म्हाताऱ्या माणसाला भेटले तर त्याच्याही सुरकुत्यांचे मार्क कापतील.

शेवटी मेस्त्रींनीच तोड काढली. नाना पेठेत एका दुकानात, माळ्यावर, तेलकट कागदात गुंडाळलेलं न तासलेलं फियाटचं हेड मिळालं. ते बसवलं, गाडी थंड डोक्याने चालायला लागली. ब्रॅकेट तसेच ठेवले. डॅशबोर्डवरचं भोक तसंच ठेवलं, त्यात मी सध्या चष्म्याची दोरी अडकवते. जुनं हेड घरी आहे. बैठकीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला ते लावून ठेवतो. अकरा महिने आणि सांगता न येण्याइतके पैसे गेले. त्यातले अर्धे किंगपिन, पाटे आणि गंज या तिघांनी खाल्ले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बाकी सगळी गाडी क्रीम झाली. डाव्या दारापाशी पेंटर ब्रश घेऊन उभा राहिला. "याच्यावर मारू ना?" मी नको म्हटलं. "मग लोक म्हणतील पेंटरने दार अर्धं सोडलं." म्हणू देत, म्हटलं. तो दारावर नुसतं लॅकर मारून, माझ्याकडे बघत मान हलवत गेला.

कागदोपत्री सगळं होण्याआधी एकदाच लांब गेले, बेळगावला. साडेतीनशे किलोमीटरला नऊ तास लागले. खंबाटकीच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर मागे टाकला, बाकी सगळ्यांनी आम्हाला. एका रिक्षावाल्याने शेजारून दाराकडे, मग माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, रेसिंग?"

काका फाटकातच उभे होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, त्रेचाळीसवरून बोट फिरवलं, बोनेटच्या कडेची बुजवलेली भोकं बरोबर न शोधता सापडली त्यांना. मी पुढचं दार उघडून धरलं. बसा ना काका, एक चक्कर मारू.

त्यांनी पुढचं दार लोटलं, मागचं उघडलं आणि मागच्या सीटवर बसले. सीटवर हात फिरवला, जरा उडी मारून बघितली, पाय ताणले.

"इथे आम्हाला कधी बसायलाच मिळालं नाही," ते म्हणाले. "इथे पेट्रोलचे डबे असायचे आणि कंपाउंडर."

मी चोक ओढला. डावा हात आपसूक स्टिअरिंगखाली गेला, आणि या वेळी तिथे खरंच गिअर होता.

"सावकाश घ्या," मागून आवाज आला. "मला कुठे जायचं नाहीये."