रखडला की रखडवला?

मीडियात पीएचडी करतेय म्हटलं की लोक म्हणतात, म्हणजे दिवसभर पेपर वाचायचे, मजाय की. पेपर वाचायचेच असतात, पण ते कसे वाचायचे हे शिकण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं.

माझा विषय आहे बातमीत दोष कुणाच्या माथी जातो. मेथड कंटेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे आधी कोडबुक बनवायचं (बातमीत काय बघायचं आणि ते कसं नोंदवायचं याचे नियम), मग दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच बातम्या कोड करायच्या, म्हणजे त्या नियमांनी नोंदवायच्या, आणि किती जुळतंय ते बघायचं. त्यासाठी क्रिपेनडॉर्फचा अल्फा नावाचा आकडा काढतात, ०.८० च्या वर असेल तर निर्धास्त, ०.६६७ च्या खाली असेल तर त्या डेटावर काही बोलूच नये.

आमचा पहिला आला ०.५४. रडूच यायचं बाकी होतं. मग मैत्रीण आणि मी शेजारी बसून शीट उघडल्या, तेरा नंबरची बातमी होती ‘पुलाचं काम रखडलं, नागरिक हैराण’. मी लिहिलेलं दोष प्रशासनाचा, तिने लिहिलेलं कुणाचाच नाही. ती म्हणाली, अगं रखडलं असं लिहिलंय, कुणी रखडवलं असं कुठंय? खरंच नव्हतं, काम आपलं आपण रखडलं होतं आणि कर्ता मी माझ्या मनाने घातला होता! बाकीच्या शीट बघितल्या तर बहुतेक वाद असल्याच क्रियापदांवर, फुटलं, कोसळली, लांबली.

१९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत मॅककोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी चॅपल हिल या गावातल्या १०० मतदारांना विचारलं, ज्यांचं मत अजून ठरलं नव्हतं अशांना, आणि बातम्यांत ज्या मुद्द्यांवर भर होता तेच त्यांनाही महत्त्वाचे वाटत होते. म्हणजे कशावर विचार करायचा हे बातमी सुचवते. पण कुणाला नामानिराळं ठेवायचं हे एक क्रियापद ठरवतं असं मला वाटतं, सिद्ध करायचंय अजून.

काही जण वाद झालेल्या बातम्या गुपचूप काढून अल्फा वाढवतात, प्लीज असं करू नका, माझा अख्खा थिसिस त्या वादातून निघालाय. कोडबुकात आता नवीन कॉलम आहे, ‘कर्ता दिसतो का’. नव्या ५० बातम्या घेतल्या (जुन्याच परत घ्यायच्या नसतात) आणि अल्फा आला ०.८२. आता उरलेल्या सहाशे.