दुसऱ्या कडव्याला हलगी बंद केली

"ओ साउंडवाले, झोपलासा काय?" पंधरा ऑगस्टच्या रात्री भरल्या हॉलमध्ये ही आरोळी आली, तेव्हा मी टक्क जागा होतो. आवाज मीच घालवला होता.

पावसामुळं तालीम मंडळाचा कार्यक्रम मैदानावरनं एका पत्र्याच्या हॉलात आलेला. पत्र्याखाली बास, म्हणजे खालचा जड आवाज, घुमतो, शब्द विरघळतात. त्यात शेवटचा नंबर इंजिनिअरिंगच्या पोरांच्या रॉक बँडचा. ड्रम्स, दोन गिटार आणि जोडीला हलगी. दमट हवेनं कातडं सैल पडलेलं, म्हणून हलगीवाला मागं कागद पेटवून ते शेकत बसला होता.

गाणं पोरांचं स्वतःचं, १८५७ वर. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात २७ व्या पलटणीच्या शिपायांनी उठाव केला, डिसेंबरात पुन्हा उठाव झाला. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांचा त्यात हात असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. ते परत आलेच नाहीत, १८६९ साली तिथंच गेले. आपल्याला चिमासाहेब म्हटलं की सीपीआर हॉस्पिटलजवळचा चौक आठवतो, माणूस नाही. मीही त्यातलाच.

धृपद होतं 'उठ रं कोल्हापुरा'. सरावाच्या वेळी त्यावर मंडळाचे अध्यक्ष जागेवरच नाचायला लागले. "भावा, बास वाढीव की! पोरं पेटली पाहिजेत." दुसऱ्या कडव्यात मात्र एक ओळ होती, 'कराचीच्या खिडकीतनं पंचगंगा दिसंना'. ती मला हेडफोनमध्येच कळली. बाहेर उभं राहून ऐकली, तर नुसता धडधडाट.

मला लगेच अमेरिकेचा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन आठवला. आमच्या धंद्यात त्याच्या 'बॉर्न इन द यूएसए' गाण्याचा स्नेअर, म्हणजे कडक वाजणारा ड्रम, माहीत नसलेला माणूस विरळा. बंदुकीच्या बारासारखा वाजतो तो. गाणं आहे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाचं. गावी आल्यावर त्याला रिफायनरीत काम मिळत नाही, आणि त्याचा भाऊ व्हिएतनाममधल्या खे सानला लढून मेलेला. १९८२ साली हेच गाणं स्प्रिंगस्टीननं घरी एकट्यानं गिटारवर रेकॉर्ड केलं होतं. ते ऐकलं तर कुणाला झेंडा फडकवावासा वाटणार नाही. १९८४ च्या अल्बममध्ये तो स्नेअर आणि सिंथेसायझर आले आणि लोक मुठी उगारून धृपद ओरडू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचं कौतुक केलं. कडवी कुणी ऐकली होती? मला विचाराल तर देशावरची माया त्या कडव्यांतच जास्त आहे. तक्रार आपल्या माणसाकडंच करतात.

तर त्या रात्री दुसरं कडवं आलं आणि मी हलगीचा माइक म्यूट केला, गिटारी निम्म्यावर आणल्या, बास खाली ओढला, गाणाऱ्याच्या आवाजाचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची सरकपट्टी, वर. पोरांना विचारलं नव्हतं. ही चूकच. साउंडवाल्यानं दुसऱ्याचं गाणं बदलायचं नसतं.

ड्रमर बावरून माझ्याकडं बघायला लागला. हलगीवाला जीव तोडून बडवत होता, पण स्पीकरमधनं काही येईना. पब्लिकला वाटलं सिस्टीम गेली. शिट्ट्या सुरू झाल्या आणि ती आरोळी आली. पण गाणारा थांबला नाही. खिडकीची ओळ पत्र्यापर्यंत स्वच्छ गेली. पंधराएक सेकंद. मग धृपदाला सगळं पुन्हा वर नेलं, हॉल नाचला.

हिशेबाच्या वेळी अध्यक्षांनी हजार रुपये कापले. "मधेच साउंड गेला तुमचा." मी वाद घातला नाही. शेजारी खुर्च्या रचणाऱ्या एकानं तेवढ्यात विचारलं, "कराचीला कोण गेल्तं वो?" अध्यक्ष म्हणाले, "असंल कुणीतरी क्रिकेटवाला."

केबली गुंडाळत होतो तेव्हा हलगीवाला आला. चेहरा तापलेला. "काका, माझाच माइक का?" मी काही न बोलता मिक्सरवरचं रेकॉर्डिंग त्याच्या कानाला लावलं. त्यात हलगी नव्हतीच. त्यानं कडवं दोनदा ऐकलं, हेडफोन काढून ठेवला.

"फुडच्या टायमाला हात वर करा," तो म्हणाला. "म्यूट करू नका. मीच थांबतो."