बोटांवरचे चरे

कलाकारांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय. पूर्वी कार्यक्रमपत्रिकेसाठी नाहीतर कॅसेटच्या वेष्टनासाठी एखादा बरा फोटो पुरायचा. आता गाण्याच्या ॲपवरचा चौकोन, रीलचा थंबनेल, तिकीटविक्रीच्या पानावरचा बॅनर, सगळीकडे चेहरा लागतो. नव्या कलाकाराचा पहिला सूर कानावर पडायच्या आत त्याचा फोटो बघून झालेला असतो. त्यामुळे ‘संगीतात दिसण्याला काय किंमत?’ असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. किंमत आहे, आणि आजची नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जानचं गाणं ग्रामोफोनवर मुद्रित झालं आणि तिची छबी काडेपेट्यांवरही झळकली. आपल्याकडे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी नेसलेली साडी घरोघरच्या बायकांनी उचलली. तेच बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ होऊन पुरुषवेषात आले, तर लोकांच्या ते पचनी पडलं नाही. आवाज तोच होता.

हे सगळं मान्य करूनही त्या दिवशी स्टुडिओत जे घडलं ते मला अजून सोडत नाही.

काम एका इव्हेंट कंपनीचं होतं. सतार वाजवणारी पंचविशीतली मुलगी, मूळची सांगलीकडची. तिचा पहिला मोठा दौरा ठरला होता आणि त्याच्या पोस्टरसाठी शूट होतं. कंपनीने आदल्या रात्री मूडबोर्ड, म्हणजे फोटो कसे हवेत ते दाखवणारा नमुन्यांचा तक्ता, पाठवला. त्यात चेलोला रेलून झोपलेली मॉडेल, पियानोवर पसरलेली मॉडेल, आणि मधोमध मॅन रे या छायाचित्रकाराचा १९२४चा तो प्रसिद्ध फोटो: बाईची उघडी पाठ आणि तिच्यावर व्हायोलिनची दोन छिद्रं रंगवलेली. फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकाने तो बघितलेला असतो, मीही भारावून बघितला होता. फोटोतली किकी स्वतः कॅबरेत गायची. पण त्या फोटोत ती वाद्य झाली आहे, आणि तिचे हात दिसतच नाहीत.

सकाळी मुलगी आली ती तबलजी काकांना घेऊन. सतार काकांनी उचलली होती, तबल्याची बॅग तिने. खोळ काढता काढता तिने सांगितलं की सतार मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली आहे, बनवणाऱ्यांनी तिच्या हाताची लांबी मोजून दांडी ठरवली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा तिला केवढा अभिमान! जणू ते प्रमाणपत्र तिच्याच घरी आलं होतं.

कंपनीचा मुलगा नम्र होता, कामाला चोख होता. त्याने पहिल्याच दहा मिनिटांत सांगितलं, “मॅम, साथीदार फ्रेममध्ये नकोत. फोकस आर्टिस्टवर हवा.” काका पन्नाशीपुढचे, डोक्यावर केस विरळ, पोट थोडं सुटलेलं. त्यांनी तबला पुन्हा बॅगेत ठेवला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. कुणी काही बोललं नाही. दिसण्याचा हिशेब बायकांपुरताच असतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने त्या क्षणी काकांचा चेहरा बघायला हवा होता.

कपडे होते वाइन रंगाचा गाऊन, एका बाजूला वरपर्यंत स्लिट, पाठ उघडी. मला वाटलं मुलगी बावरेल. ती आरशासमोर गेली, वळून पाठ बघितली आणि खुश झाली. “ताई, भारी दिसतोय ना?” खरंच भारी दिसत होता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टी सांगताना मुलीला बिचारी करून टाकायची सवय आपल्याला असते. ती बिचारी नव्हती. तिला सुंदर दिसायचं होतं, आणि तिच्या वयात मलाही दिसायचं होतं. एकेकाळी हिराबाई बडोदेकर जाहीर मैफलीला बसायच्या त्या अंगभर पदर घेऊन, हावभाव टाळून. बाईने प्रतिष्ठेने गायचं तर तिच्या दिसण्याकडे कुणाचं लक्ष जाता कामा नये, असा तो काळ होता. त्या पिढीला झाकून घ्यावं लागलं, आता उघडायला सांगतात. दोन्ही वेळा ठरवणारे दुसरेच.

अडचण आली ती बसताना. सतारीची बैठक पक्की असते. डावा पाय खाली दुमडलेला, त्याच्या तळव्यावर भोपळा टेकलेला, उजवी मांडी वर, आणि उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने सतार दाबून धरलेली. त्या गाऊनमध्ये तसं बसलं की स्लिट सरळ कमरेपर्यंत जायचा. कंपनीच्या मुलाने सुचवलं, “मग बसायचं कशाला? आडवी पडा ना मॅम, सतार बाजूला. मूडबोर्डसारखं.”

ती म्हणाली, “आडवी पडून सतार वाजत नाही.”

“फोटोत कुठे वाजवायचीय?”

त्यावर ती शांतपणे म्हणाली, “मला छान दिसायचंय. पण वाजवताना.”

माझ्या असिस्टंटने त्याच रंगाच्या लेगिंग्ज शोधून आणल्या, आतून सेफ्टी पिना लावल्या आणि प्रश्न सुटला. गाऊन तोच राहिला, पाठ उघडीच राहिली, आणि मुलगी बैठक मारून बसली. मी एक मोठा सॉफ्टबॉक्स डावीकडून लावला आणि समोरचा लाइट बंदच केला, म्हणजे दांडीवरचे पडदे, सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एकेक करून चमकतील.

मी कॅमेरा लॅपटॉपला जोडून शूट करते, क्लायंटला फोटो लगेच मोठा दिसतो. ती वाजवत होती, मी टिपत होते. तेवढ्यात मुलाने एक फोटो थांबवून डाव्या हातावर झूम केलं.

“मॅम, हे काळं काय आहे?”

स्क्रीनभर तिची दोन बोटं होती, तर्जनी आणि मधलं बोट. दोन्हींच्या टोकावर आडवे काळे चरे, तारेने कापत कापत खोल गेलेले. भोवतीची कातडी पिवळसर, टणक. चऱ्यांत तेल आणि तारेचा काळेपणा बसलेला. उजव्या तर्जनीवर नखी, तार छेडायला बोटात घालतात ती, रुतून पडलेला वळ.

ती उठून बघायला आली. स्वतःची बोटं एवढी मोठी तिने कधी बघितली नसावीत. “अय्या, किती स्पष्ट आलेत!”

“रिटचमध्ये जाईल ना हे?” त्याने मला विचारलं.

“का घालवायचं?” तिने त्याला विचारलं.

“मॅम, जरा... घाण दिसतं.”

ती चिडली नाही. सतारीजवळ परत बसली, त्याला समोर बसवलं आणि एकाच पडद्यावर बोट ठेवून तार खाली ओढली. एक सूर, दुसरा, तिसरा, चौथा. पडदा तोच, बोट तेच, नुसत्या ओढीतून सूर चढत गेले. “याला मींड म्हणतात. तार पोलादी असते. हे चरे नसतील तर बोट कापतं. चार-आठ दिवस रियाज सुटला की कातडी मऊ पडते आणि पुन्हा रक्तापासून सुरुवात. तुम्ही मला बोलावलंत ते यामुळे.”

इतकी वर्षं वादकांचे फोटो काढताना मला या खुणांची ओळख झाली आहे. सारंगीवाले तार नखाच्या मुळाशी दाबतात, तिथे गाठी येतात. व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवणाऱ्यांच्या मानेवर, जबड्याच्या खाली, डाग पडतो. तबलजीचा तळवा कडेने जाड होतो. नाव माहीत नसलेला वादक असला तरी हात बघून वाद्य ओळखता येतं. आणि रिटचिंगच्या कामात सगळ्यांत आधी हेच पुसायला सांगतात. डाग पुसणारा हीलिंग ब्रश कॉम्प्युटरवर फिरवायला मिनिटभर लागतं. वीस वर्षांचा रियाज मिनिटभरात जातो आणि उरतो तो कुणाचाही हात.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या मुलाने त्याची बाजू मांडली, आणि ती बिनबुडाची नव्हती. “ताई,” आता तो मला ताई म्हणायला लागला होता, “लोक आधी बघतात. सगळे म्हणतात आम्ही ऐकून ठरवतो, पण तसं नसतं.”

मी म्हटलं, हे सिद्धही झालंय. चिया-जुंग त्साय या मानसशास्त्रज्ञ, स्वतः पियानोवादक. त्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या पहिल्या तिघांचे काही सेकंदांचे तुकडे लोकांना दिले. कुणाला नुसता आवाज, कुणाला नुसतं चित्र, कुणाला दोन्ही. जिंकलं कोण ते ओळखायचं. बहुतेकांना वाटत होतं की आवाजावरून ओळखू. प्रत्यक्षात मूक चित्र बघणाऱ्यांनी सर्वांत जास्त अचूक ओळखलं, आणि यात व्यावसायिक संगीतकारही होते. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

“बघा!” तो म्हणाला.

“पण त्यांनी काय बघितलं? वाजवणारं माणूस बघितलं. वाद्याशेजारी झोपलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांनी पकडली ती वाजवणाऱ्याची ओढ, त्याचं त्यात शिरणं.”

कोपऱ्यातून काका पहिल्यांदा बोलले. “झाकीरभाई घ्या की. ताजमहाल चहाची जाहिरात. आधी झीनत अमान होती त्या चहाला. मग हे आले. पोरी त्या केसांवर फिदा. पण ते केस उडायचे कशामुळे? हातामुळे. जाहिरातीतसुद्धा माणूस तबला वाजवतोय.”

काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. १९९४ मध्ये ‘जंटलमन’ मासिकाच्या वाचक स्त्रियांनी सर्वांत आकर्षक पुरुष म्हणून झाकीर हुसेन यांना निवडलं, अमिताभ बच्चन यांना मागे टाकून. शास्त्रीय संगीतातला तबलजी! ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मागे बसवलं, ज्याचं नाव पत्रिकेत बारीक अक्षरांत छापलं, तो तबलजी. त्यांच्या आकर्षणाने तबल्याचं नुकसान झालं नाही, कारण आकर्षण आणि वादन वेगळं काढताच येत नव्हतं. पुरुषाच्या बाबतीत ही सवलत मिळते. त्याला वाजवताना देखणं दिसू देतात. बाईला देखणं दिसायचं तर वाद्य खाली ठेव म्हणतात. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी त्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितली.

दुपारी मी काकांना फ्रेमबाहेरच बसवलं, पण तबला काढायला लावला. ठेका सुरू झाल्यावर मुलीचा चेहरा बदलला. सकाळी ती कॅमेऱ्याकडे बघत होती, आता बघेना. मान डावीकडे कलली, ओठ जरा उघडे राहिले, तार ओढताना भुवई वर गेली, खांद्याचा स्नायू ताणला गेला आणि उघड्या पाठीवरून घामाचा एक थेंब खाली गेला. मी शब्द चोरत नाही, ती त्या वेळी विलक्षण आकर्षक दिसत होती. मूडबोर्डमधल्या एकाही बाईत ते नव्हतं. कंपनीचा मुलगासुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होता.

निघताना मुलीने कंपनीला दोन ओळींचा मेल केला: बोटांवर रिटच करू नये. उत्तर लगेच आलं, ‘ओके मॅम’.

पोस्टर लागलं तेव्हा कळलं की त्यांनी शब्द पाळला होता. बोटांना हात लावला नव्हता. फोटोच कापला होता. चेहरा, उघडा खांदा, दांडीचा वीतभर तुकडा, आणि मनगटाच्या अलीकडे फोटो संपलेला. मुलीचा फोन आला. “चेहरा छान आलाय, आईला तर खूप आवडलं. पण गुरुजींनी विचारलं, यात तू वाजवतेयस की ऐकतेयस?”

दौऱ्याच्या पुण्यातल्या कार्यक्रमाला मी गेले. सभागृह भरलं होतं, तरुण मुलं पुष्कळ. त्यातली किती पोस्टर बघून आली असतील ते सांगता येणार नाही, पण कमी नसणार, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. तिने पूरिया कल्याण राग लावला. लांबलचक आलाप, तबला यायला बराच वेळ. कुणी उठलं नाही. मध्यंतरात माझ्यापुढची दोन मुलं हातांविषयी बोलत होती, एकाच ठिकाणाहून एवढे सूर कसे काढते म्हणून. पोस्टरवर तेच नव्हतं.

पूर्ण फोटो, हात आणि चऱ्यांसकट, तिने मिरजेच्या एका घरगुती बैठकीच्या निमंत्रणावर वापरला. सतार बनवणाऱ्यांनी त्याची प्रिंट मागून घेतली.

आता माझ्या कोटेशनमध्ये दोन अटी असतात. वादनामुळे शरीरावर आलेल्या खुणा वादकाच्या लेखी परवानगीशिवाय पुसायच्या नाहीत. आणि वाजवतानाचा फोटो हात वगळून कापायचा असेल तर आधी वादकाला विचारायचं. पहिली अट बहुतेक जण बिनतक्रार मानतात. दुसरीवर वाद होतात. त्या कंपनीने ती काढून टाका म्हणून सांगितलं, मी काढली नाही, त्यांचं पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओकडे गेलं. मुलीने मात्र तिच्या नव्या अल्बमचे फोटो माझ्याकडेच काढायचं ठरवलंय. कपडे ती स्वतः निवडणार आहे, आणि या वेळी काका फ्रेममध्ये आहेत.